आम्ही आहोत ना, रॅम्प कशाला?

आमच्या सोसायटीतली माणसं वाईट आहेत, असं मी म्हणणार नाही. वाईट माणसांशी कसं वागायचं ते मला चांगलं कळतं. चिंचवडच्या एका शाळेत वीसेक वर्षं शिकवते आहे. आडमुठे पालक, खडूस मुख्याध्यापिका, अडवून भाडं मागणारे रिक्षावाले, सगळ्यांना पुरून उरले. माझी बोलती बंद झाली ती चांगल्या माणसांपुढे. चांगला माणूस आपलं भलं करायला बाह्या सरसावून दारात उभा राहिला की त्याला काय बोलणार?

आम्ही चिखलीत राहतो. मागच्या गल्लीत वर्कशॉपची रांग आहे, दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज येतो, आणि त्या आवाजाच्या पुढ्यात आमची नवीकोरी सात मजली सोसायटी आहे. लिफ्ट आहे, पण लिफ्टची लॉबी पार्किंगपासून पाच-सात पायऱ्या वर आहे. बिल्डरने त्या पायऱ्यांना काळा चकचकीत ग्रॅनाइट लावलाय आणि दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवल्यात. फ्लॅट बघायला आलो तेव्हा माझा नवराच म्हणाला होता, “एन्ट्रन्स काय भारदस्त आहे ना!” मी तर त्या पायऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. धडधाकट माणसाला पायऱ्या दिसतच नाहीत.

तो चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. मशीन बंद पडली की पहिला फोन त्याला. एका संध्याकाळी घरी येताना मोशीच्या अलीकडे खडीवरून त्याची मोटरसायकल घसरली. कोणी धडक दिली नाही, कोणाशी भांडावं असंही काही नव्हतं. पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. हॉस्पिटलातले महिने मी इथे उगाळत बसत नाही. तो घरी आला तो व्हीलचेअरवर.

त्या दिवशी ॲम्ब्युलन्स पार्किंगमध्ये उभी राहिली आणि मला पहिल्यांदा त्या पायऱ्या दिसल्या. मी खुर्चीचे दांडे धरून नुसतीच उभी राहिले. तेवढ्यात पैलवान आले. पैलवान म्हणजे खालच्या दुकानांचे मालक, मूळ गावचे. आमची बिल्डिंग त्यांच्याच वडिलोपार्जित जमिनीवर उभी आहे. तरुणपणी कुस्ती खेळलेला धिप्पाड माणूस, आवाज मंडपात माइकशिवाय पुरेल असा. त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

“वहिनी, तुमी व्हा बाजूला. आमी हाय न्हवं!”

चौघांनी खुर्ची चारी बाजूंनी धरली, कोणीतरी “गणपती बाप्पा” म्हणून ओरडलं, बाकीच्यांनी “मोरया” म्हटलं, आणि माझा नवरा हवेतून लॉबीत गेला. सगळे हसले. तोही हसला. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं. मला वाटलं, असे लोक आजूबाजूला असले की माणूस कशातूनही बाहेर येईल.

मग सोसायटीने मनावर घेतलं. समोरच्या काकूंनी डब्यांच्या पाळ्या ठरवल्या. काही आठवडे माझा गॅस फक्त चहाला पेटत होता. शिरा इतका यायचा की मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नेऊन वाटायची. आणि व्हॉट्सॲपवर एक ग्रुप निघाला, ‘एक हात मदतीचा’. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा चिंचवडला फिजिओथेरपीला न्यायचं असायचं. मी आदल्या दिवशी ग्रुपवर वेळ टाकायची की लगेच अंगठे उमटायचे, फुगवलेले दंड उमटायचे, “वहिनी, निश्चिंत राहा” उमटायचं. ठरल्या वेळी लॉबीत गर्दी. चौघांची गरज असायची आणि सातजण यायचे. ज्याला खुर्ची धरायला मिळायची नाही तो पुढे होऊन “सांभाळून, सांभाळून” तरी म्हणायचा.

उचलायला मिनिटभर लागायचं. परत वर आणल्यावरच्या चहाला अर्धा तास. कोणी मागितला नव्हता, पण पहिल्या दिवशी मी केला आणि तो रिवाजच पडला. उचलणारे आमच्या सोफ्यावर बसायचे आणि त्याला सल्ले द्यायचे. कोणाच्या मेहुण्याला केरळातल्या तेलाने गुण आला होता, कोणी म्हणायचं मनात आणलं तर माणूस उद्या चालेल. नवरा मान डोलवायचा. चौघांच्या हातांवर जाणारा-येणारा माणूस त्या चौघांशी वाद घालू शकत नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

त्याच्या वजनावर विनोद व्हायचे. “साहेब, वहिनींच्या हाताला चव दिसतीय!” पैलवान म्हणायचे आणि खुर्ची उचलताना लटकंच कण्हायचे. त्यात काडीचीही दुष्टबुद्धी नव्हती. पण नवऱ्याने फिजिओच्या दिवशी दुपारचा भात सोडला. मी विचारलं तर म्हणाला, भूक नाही. चार-सहा वेळा भूक नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी ताट तसंच आत नेऊन ओट्यावर आपटलं. त्याच्यावर नव्हते चिडले. कोणावर चिडले होते तेही सांगता येत नव्हतं, कारण चिडावं असं कोणी वागलंच नव्हतं.

आणि हसतमुख राहावं लागायचं. एकदा रात्रभर पाठ दुखत होती म्हणून तो खाली जाताना गप्प होता. संध्याकाळी ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, “आज साहेब जरा नाराज दिसले. कोणाचं काही चुकलं का?” त्याखाली हात जोडलेली चित्रं. मला उत्तर लिहावं लागलं की नाही हो, तुमच्यामुळेच तर सगळं चाललंय. त्यानंतर नवरा लिफ्टचं दार उघडायच्या आधी चेहरा नीट करायचा. लग्नात फोटोग्राफर समोर आला की आपण करतो तसा.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सोसायटीने उचलणाऱ्यांचा सत्कार ठेवला. शाल आणि श्रीफळ. कल्पना सेक्रेटरींची. ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य, आवाज कधी चढत नाही. ते म्हणाले, “मॅडम, सरांच्याच हस्ते सत्कार झाला तर फार हृद्य होईल.” म्हणजे माझ्या नवऱ्याला आधी खाली उचलून नेलं, मग स्टेजवर उचलून ठेवलं, आणि ज्यांनी ठेवलं त्यांच्या खांद्यांवर त्याने शाली घातल्या. प्रत्येकाला त्याच्यापुढे वाकावं लागत होतं. मग त्याला दोन शब्द बोलायला सांगितले. तो म्हणाला, “तुम्ही नसता तर मी घराबाहेर पडलो नसतो.” बायकांनी डोळे टिपले. वाक्य अगदी खरं होतं. ते कुठल्या अर्थाने खरं आहे, हे त्या टाळ्यांत एकट्या मला ऐकू आलं.

सत्कारानंतर गर्दी ओसरली. सातांचे चार झाले, चारांचे तीन, आणि चौथ्यासाठी मी दारं वाजवायला लागले. कारणं सगळ्यांची खरी होती. कोणाची शिफ्ट बदलली, कोणाची पाठ धरली, कोणाचे सासरे आले. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलं खेळत असायची, बायका गप्पा मारत असायच्या, तेव्हा अजूनही हात मिळायचे. बुधवारी दुपारी, पार्किंग रिकामं असताना, कोणी मिळत नसे. हे कोणी ठरवून करत नव्हतं. ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. बघणारं कोणी असलं की माणसाची पाठ दुखायची थांबते, एवढंच.

फिजिओच्या वेळा चुकायला लागल्या. वॉचमनला सांगावं तर तो बिचारा साठी उलटलेला, हर्नियाचं ऑपरेशन झालेला. मी सुताराकडून फळी करून आणली. उतार इतका उभा की खुर्ची घसरगुंडीवरून सुटल्यासारखी सुटली आणि आम्ही दोघं कुंडीवर आदळलो. कुंडी फुटली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुंडी कोणी फोडली याची चौकशी झाली.

असं चाललेलं असताना कंपनीतून फोन आला. मेंटेनन्स शक्य नाही, पण प्लॅनिंगच्या टेबलावर एक जागा आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं, त्यापुढे जागा राखून ठेवता येणार नाही. सकाळी त्याच बाजूने जाणारी कंपनीची गाडी त्याला गेटवरून घेईल. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खिडकीशी होता. मग म्हणाला, “माझे शर्ट कुठे ठेवलेस?” कितीतरी महिन्यांनी त्याने स्वतःची वस्तू मागितली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तोवर त्याचे हात तयार झाले होते. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीच्या सीटवर, सगळं तो स्वतः करत होता. कंपनीत आतपर्यंत उतार होते, कारण तिथे मालाच्या ट्रॉल्या फिरतात. आमच्या बेडरूमपासून चाकणच्या त्या टेबलापर्यंत सगळी वाट त्याच्या हातातली होती. फक्त लॉबीच्या पायऱ्या नव्हत्या.

म्हणून आम्ही सोसायटीकडे रॅम्पची परवानगी मागितली. खर्च आमचा. भिंतीच्या कडेने लांबट उतार. पाहुण्यांच्या पार्किंगची एक जागा जाणार होती आणि गणपतीचं स्टेज थोडं सरकवावं लागणार होतं. ज्या लोकांनी माझ्या नवऱ्याला महिनोन् महिने खांद्यावर घेतलं, ते स्टेज चार फूट सरकवायला नाही म्हणतील, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. सभेला नवऱ्याला अर्थातच चौघांनी खाली आणलं. सेक्रेटरींनी अर्ज वाचून दाखवला. मग पैलवान उठले, आणि त्यांचा चेहरा पाहून मला धक्का बसला. ते दुखावले होते. खरोखर दुखावले होते.

“म्हंजी आमचं खांदं दुखाय लागलं, असं वाटलं का साहेबांस्नी?” ते म्हणाले. “आमी हाय तवर साहेबांचा पाय जमिनीला लागू देनार न्हाई. रॅम्प कशाला पायजे? रॅम्प म्हंजी आमच्यावर इस्वास न्हाई, असंच झालं की ह्ये.”

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या. बुधवारी दुपारी दार न उघडणाऱ्यांनीसुद्धा वाजवल्या. समोरच्या काकू म्हणाल्या, “आपन काय परके हावोत का? घरच्यासारखं तर करतोय सगळं.” एकजण म्हणाला, रॅम्प आला की बिल्डिंगला दवाखान्याची कळा येईल. एकाने स्टेजचा प्रश्न काढला आणि लगेच म्हणाला की अर्थात हा मुद्दा गौण आहे. सेक्रेटरी म्हणाले, “प्रश्न भावनेचा आहे. इतकी सुंदर परंपरा आपल्याकडे निर्माण झाली आहे.”

परंपरा! माझ्या नवऱ्याला दुसऱ्याच्या हातांनी उचलून न्यायची परंपरा. मी उठणार होते, पण त्याने माझा हात दाबला आणि स्वतः बोलला. “तुमचे उपकार मी विसरणार नाही,” तो म्हणाला. “मला फक्त एकट्याला जाता-येता यायला हवं.”

“पण एकट्याने का म्हणून?” कोणीतरी मागून विचारलं. प्रेमाने विचारलं.

त्यावर तो बोलणार काय? सभा संपल्यावर त्याच लोकांच्या हातांनी त्याला वर जायचं होतं. रॅम्पच्या बाजूने बोटांवर मोजण्याइतके हात वर झाले. एका भाडेकरू मुलाने हात वर केला होता, पण भाडेकरूचं मत धरत नाहीत. मग पैलवानांनी आणि आणखी तिघांनी माझ्या नवऱ्याला उचलून लॉबीत ठेवलं आणि पैलवान त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “साहेब, कायबी काळजी करू नगा.” त्या दिवशी मी चहा केला नाही. ते बहुतेक कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, महापालिकेत तक्रार करू, कायदा आहे. नवरा म्हणाला, “कर. पण तक्रार गेल्यावर रॅम्प होईपर्यंत मला उचलणार कोण?” मी तक्रारीचा विषय सोडून दिला.

एक तारखेच्या आदल्या दिवशी मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. उद्या नोकरीचा पहिला दिवस, गाडी अमुक वेळेला येणार, कृपया चौघांनी यावं. अंगठ्यांचा पाऊस पडला. फुलांचे गुच्छ आले, केक आले, “अभिमान वाटतो सर” आलं. पैलवानांनी बोलूनच संदेश पाठवला, “वहिनी, बिनघोर ऱ्हावा.” इतके अंगठे पाहून मलाही बरं वाटलं.

सकाळी लॉबीत कोणी नव्हतं.

नवरा इस्त्रीचा निळा शर्ट घालून, बूट घालून, पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी खुर्चीत बसला होता. बूट मी बांधून दिले होते. मी फोन लावायला सुरुवात केली. पैलवान जुन्नरला लग्नाला निघाले होते. ते म्हणाले, बाकीची हायत की. दुसरा पहिल्या शिफ्टला पोचला होता. ग्रुपवर इतकेजण हो म्हणाले, म्हणून तो निघाला. तिसरा अंघोळीला गेला होता. चौथ्याची बायको म्हणाली, “अय्या, ते झोपलेत. कोणीच नाही आलं का?” एकेकाने आपला अंगठा लावला होता, आणि बाकीचे अंगठे पाहून प्रत्येकाचा जीव भांड्यात पडला होता. एकही अंगठा नसता तर कदाचित एखादा माणूस आला असता.

गेटबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, “तुझ्या ऑफिसचे दोघं गाडीत असतील, त्यांना बोलावते.” तो म्हणाला, “नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उचललं, तर तिथेही मी उचलायचाच माणूस होईन.” हॉर्न पुन्हा वाजला. त्याने खुर्चीचा ब्रेक लावला, दोन्ही हातांवर जोर दिला आणि खुर्चीतून खाली लॉबीच्या फरशीवर बसला. मला म्हणाला, “खुर्ची खाली ने आणि शेवटच्या पायरीशी लाव.”

मी खुर्ची घडी करून खाली नेली. तो पायऱ्या उतरायला लागला. बसून. हात मागे टेकायचे, अंग उचलायचं, एक पायरी खाली, मग पाय हातांनी उचलून पुढे ठेवायचे. पुन्हा हात मागे. तेव्हाच लिफ्टचं दार उघडलं आणि शाळेच्या बसची मुलं आणि त्यांच्या आया बाहेर आल्या. गणवेशातली मुलं पायऱ्यांच्या वर उभी राहिली. खाली जायची वाट त्याने अडवली होती. समोरच्या काकू दूध घेऊन येत होत्या, त्या “अहो, अहो, हे काय!” करत धावल्या आणि त्यांनी त्याच्या दंडाला धरलं.

“हात लावू नका,” तो म्हणाला.

ओरडला नाही. पण या वेळी चेहरा नीट केलेला नव्हता, आवाजही नाही. काकूंनी हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. तो खालच्या पायऱ्यांपर्यंत गेला, पायरीवरून जोर देऊन खुर्चीत चढला, पँटची धूळ झटकली, तळहात रुमालाला पुसले आणि खुर्ची चालवत गेटकडे गेला. गाडी थांबली होती. मी पार्किंगच्या खांबामागे जाऊन रडले, आणि ते रडणं घरी आणल्या दिवशीच्या रडण्यासारखं अजिबात नव्हतं.

संध्याकाळी लोक आले. मला वाटलं, शरमून आले असतील. ते रागावून आले होते. पैलवान जुन्नरहून थेट आमच्याकडे. “वहिनी, ह्ये बरं न्हाई केलं साहेबांनी. धा मिन्टं कळ काढायची. आमची काय इज्जत ऱ्हायली? समद्या सोसायटीपुढं भुईवर बसून...” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकू म्हणाल्या, “मी धरायला गेले तर अंगावर आले हो माझ्या.” एकजण म्हणाला, चिडून कसं चालेल, आम्ही काही पगारी नोकर नाही. मी म्हटलं, “सकाळी कोणी आलं नाही.” त्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांच्यातला सगळ्यात समजूतदार माणूस म्हणाला, “ते झालं चुकून. पण त्यांनी ‘हात लावू नका’ म्हणायला नको होतं.”

तिथे मला सगळं एकदम कळलं, आणि कळलं त्याचं काही समाधान नाही. मी आजवर समजत होते की माणूस मदत करत नाही ती आळसापायी किंवा कोरडेपणापायी. आमचे लोक ना आळशी होते ना कोरडे. त्यांना माझ्या नवऱ्यासाठी काहीतरी करायचं होतं, जीव तोडून करायचं होतं. आणि त्याला मात्र कोणाकडून काहीच करून घ्यावं लागू नये, एवढंच हवं होतं. रॅम्पला कोणी शाल घालत नाही. रॅम्पवरून गेलेला माणूस वर पोचल्यावर कोणाकडे बघून हसत नाही. म्हणून लोक रक्त देतील, डबे देतील, खांदा देतील, आणि चार फूट जागा देणार नाहीत. मला त्यांचा राग येतो. त्यांनी पोचवलेला शिरा आठवला की जास्त येतो.

त्या दिवसापासून नवरा रोज तसाच उतरतो. परत येताना तसाच चढतो, पाठमोरा, एकेक पायरी; खुर्ची तेवढी मी नेते. मी जुन्या जीन्सच्या कापडाची एक गादी शिवली, ती तो आधी फेकतो आणि मग तिच्यावर बसतो. ग्रुप हळूहळू मुका झाला, मग त्यावर सुविचार यायला लागले. आम्हाला कोणी वाईट बोललं नाही. पण सकाळच्या त्या वेळेला लॉबी रिकामी राहू लागली. मोठी माणसं मागच्या जिन्याने पार्किंगमध्ये उतरतात. कोणी लिफ्टने येत असेल आणि दार उघडताच तो पायऱ्यांवर दिसला, तर दार परत मिटतं आणि लिफ्ट वर जाते. पैलवान दुकानाचं शटर उघडता उघडता पाठ करून उभे राहतात. हा माणूस एके काळी माझ्या नवऱ्यासाठी कुठल्याही वेळी धावत आला असता, यात मला आजही शंका नाही. त्याला फक्त ते बघवत नाही.

मुलांना मात्र मागचा जिना माहीत नाही. शाळेची बस पुढच्या बाजूला लागते. ती वरच्या पायरीशी दप्तरं घेऊन थांबायची, तो उतरला की “थँक्यू अंकल” म्हणून पळायची. एक मुलगी तर त्याची गादी उचलून हातात द्यायची. नवरा तिला “थँक्यू मॅडम” म्हणायचा आणि तेव्हा त्याचा चेहरा आपोआप नीट असायचा.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी सेक्रेटरी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, दारातच उभे राहिले.

“मॅडम, एक विनंती होती. कृपया गैरसमज करून घेऊ नका. सर सकाळी उतरतात ती वेळ नेमकी शाळेच्या बसची आहे. काही पालकांचं म्हणणं आहे की लहान मुलं आहेत, मनावर परिणाम होतो. सर जर अर्धा तास आधी उतरू शकले, तर...”

“काय परिणाम होतो?” मी विचारलं.

“घरी जाऊन प्रश्न विचारतात.”

“काय विचारतात?”

ते जरा घुटमळले. सभ्य माणूस, खोटं पटकन बोलता येत नाही. “हेच, की सोसायटीत इतके मोठे लोक असून अंकलना कोणी मदत का करत नाही.”

“मग तुम्ही काय सांगता?”

त्यांनी चपलेकडे पाहिलं. मी म्हटलं, “ज्या दिवशी त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मुलांना द्याल, त्या दिवशी वेळ बदलू. तोवर ते रोज त्याच वेळेला उतरतील. मुलांना बघू द्या.” आणि मी दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या माणसाच्या तोंडावर दार लावलं होतं. फार बरं वाटत होतं.

आत आले तर नवरा पलंगावर फोन घेऊन बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. मी म्हटलं, “ऐकलंस? चांगलं सुनावलं मी.”

“पोरांना कशाला त्रास,” तो म्हणाला, आणि अर्धा तास आधीचा गजर लावून त्याने फोन उशाशी ठेवला.